बुलढाण्यातली एक वाचणारी

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात माझं नाव 'किताबी कीडा' पडलं होतं. घरात कुरआन शरीफ होतं, पंजसूरा होता, भिंतीवर उर्दू कॅलेंडर होतं आणि आम्हा भावंडांची शाळेची पुस्तकं होती. यापलीकडे छापील कागद यायचा तो किराण्याच्या पुडीला. साखर डब्यात ओतून झाली की मी तो कागद उलगडून वाचायचे, मग मजकूर मराठी असो की उर्दू. गोष्ट बहुतेक वेळा मधूनच सुरू व्हायची आणि ऐन रंगात फाटलेली असायची. खाला म्हणायची, "क्या दिनभर कागज लेके बैठती? आँखें खराब हो गई तो शादी कौन करेगा?" तिला राग नव्हता, काळजी होती. वाचणारी बाई तिने कधी पाहिलीच नव्हती. वाचून बाईचं पुढे काय होतं, हे तिला कुठून माहीत असणार?

ते मलाही माहीत नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकातले मराठी लेखक पुण्या-मुंबईचे आणि उर्दूतले दिल्ली-लखनौचे वाटायचे. लिहिणं-वाचणं तिकडचं, आपल्या जिल्ह्याचं म्हणजे कापूस, लोणारचं सरोवर आणि सिंदखेडराजा, एवढीच माझी समजूत होती. पुढे बी.एड. करत असताना ग्रंथालयात एक पातळसं पुस्तक हाती आलं. 'स्त्रीपुरुष तुलना', लेखिका ताराबाई शिंदे, साल १८८२. लेखिका बुलढाण्याची आहे हे वाचल्यावर मी तिथेच थबकले. ज्या गावच्या रस्त्यांवरून मी रोज जात होते, त्या गावात माझ्याआधी शंभरहून जास्त वर्षं एक बाई बसून वाचत होती, आणि मला तिचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

ताराबाईंवर आता बरंच लिहिलं जातं. स्त्रीमुक्तीचा विचार मांडणाऱ्या पहिल्या भारतीय लेखिकांमध्ये त्यांची गणना होते, आणि ती योग्यच आहे. मला आज त्यांच्याकडे वाचक म्हणून पाहायचं आहे. लिहिण्याच्या आधी त्या कित्येक वर्षं वाचत असल्या पाहिजेत, आणि तेही अशा गावात, जिथे वाचणारी दुसरी बाई सापडणं मुश्कील होतं.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठाणं झालं, कचेऱ्या आल्या, कारकून आले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. त्यांना चार मुलगे आणि ही एकच मुलगी. ताराबाईंचा जन्म १८५० चा. वडिलांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. हे केवढं मोठं होतं ते एका गोष्टीवरून कळेल. ताराबाईंच्या जन्मानंतर तब्बल पन्नास वर्षांनी, १९०१ च्या जनगणनेत, साऱ्या हिंदुस्थानात शंभर स्त्रियांमागे एकही साक्षर स्त्री भरत नव्हती. नवराही घरजावई म्हणून आला, त्यामुळे ताराबाईंचं माहेर सुटलं नाही. वडिलांची पुस्तकं जिथे होती तिथेच ही मुलगी राहिली. बाईचं वाचन लग्नाच्या मांडवात संपतं, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. ताराबाईंचं ते संपलं नाही, याचं निम्मं कारण मला या एका व्यवस्थेत दिसतं.

पुस्तकं येत कशी होती? मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला पोचली. ती आपल्या जिल्ह्यातून, मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाते. १८७० मध्ये खामगावचा फाटा झाला. हे रूळ टाकले गेले ते मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी. पण गाडी रिकामी परत येत नसते. कापूस गेला त्याच वाटेने पुण्या-मुंबईची छापील पत्रं आणि पुस्तकं इकडे येऊ लागली. मलकापूरला उतरायचं, मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा की बुलढाणा. आज एसटीने तो घाट चढताना मला हमखास डाकेच्या थैलीतल्या वर्तमानपत्राची आठवण होते.

ताराबाईंच्या हाती काय पडत होतं ते त्यांच्याच पुस्तकातून कळतं. त्या काळच्या नव्या मराठी कादंबऱ्या आणि नाटकं त्यांनी वाचली होती. 'मुक्तामाला' आणि 'मनोरमा' यांचा त्या समाचार घेतात. पुराणकथा त्यांना पाठ होत्या. आणि त्या वर्तमानपत्रं वाचत होत्या. या सगळ्या मजकुरात एक गोष्ट सारखी होती. लिहिणारा पुरुष होता आणि वाचणाराही पुरुषच असणार असं त्याने धरलं होतं. बायका कपटी, बायका चंचल, बायकांमुळे घरं बुडतात, हे एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला बिनधास्त सांगत होता. आपल्याविषयीची चिठ्ठी चुकून आपल्याच हाती पडावी, तशी ही छापील पानं बुलढाण्यातल्या एका बाईच्या हाती पडली. तिने ती शेवटपर्यंत वाचली.

मग १८८१ मध्ये सुरतेकडची बातमी आली. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने लोकलाजेपायी आपलं नवजात मूल मारलं. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली, पुढे ती कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे सुरू झाले. 'पुणेवैभव' त्यात पुढे होतं. तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. बायको मेल्यावर पुरुष लगेच दुसरी आणतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच काय पाप केलं? तिला फसवणारा कुठे गेला? जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता, ते पुरुषांत नाहीत काय? असे प्रश्न त्या एकामागून एक विचारत जातात. देवादिकांच्या कथाही त्यांनी सोडल्या नाहीत. भाषा घरातली, चुलीपुढची, म्हणींनी भरलेली. सुरुवातीला मात्र त्या सांगतात की आपण मराठ्याच्या घरात कोंडलेली बाई आहोत आणि लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे.

इथे मला आणखी एक वाचणारी आठवते. उर्दू शिकवताना मी मुलींना तिची गोष्ट सांगते. अशरफुन्निसा बेगम, बीबी अशरफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. जन्म १८४० चा, उत्तरेकडच्या बिजनौर जिल्ह्यातला. सय्यद घराणं. घरी एक उस्तानी मुलींना कुरआन पढवायला यायच्या. त्या विधवा होत्या. त्यांनी दुसरा निकाह केला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचं येणं बंद केलं. मुलींची पढाई तिथेच थांबली. विजयालक्ष्मीची गोष्ट वाचल्यावर ही दुसरी गोष्ट नीट पाहा. आमच्या धर्मात विधवेच्या निकाहाला बंदी नाही, उलट पैगंबरांनी (स.) स्वतः विधवांशी निकाह केले. तरीही घराण्याच्या इज्जतीचा धाक तिकडे होता तसाच इकडेही होता. त्याची किंमत तिथल्या लहान मुलींनी मोजली.

अशरफला नाजरा पढता येत होतं, म्हणजे कुरआन उच्चारून वाचता येत होतं. उर्दू वाचता येत नव्हतं. अक्षरं जवळपास तीच, पण त्यांतून आपल्या भाषेतली ओळ काढायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. लिहायला तर मनाईच होती. मुलगी लिहायला शिकली तर बाहेर चिठ्ठ्या पाठवेल, ही त्या काळची सरसकट भीती होती. तिला मोहर्रमच्या मजलिशीत मरसिये वाचायचे होते. मग तिने तव्याची काजळी खरवडून शाई केली, झाडूची काडी कलम म्हणून घेतली आणि लपूनछपून अक्षरं गिरवली. अशी ती शिकली. पुढे लग्न होऊन लाहोरला गेली, वैधव्य आलं, आणि तिथल्या व्हिक्टोरिया शाळेत ती मुलींना शिकवू लागली.

तव्याची काजळी आणि हेडक्लार्क बापाचं कपाट, यांत मोठं अंतर आहे. एकीला शिकवणारा बाप होता, दुसरीने सगळं चोरून मिळवलं. पण शेवट पाहिला तर पारडं उलटं झुकतं. १८९८ मध्ये लाहोरात मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती मुमताज अली यांनी बायकांसाठी 'तहजीब-ए-निस्वाँ' हे साप्ताहिक सुरू केलं. अशरफने आपण वाचायला कशी शिकले ते त्यात लिहिलं. वाचणाऱ्या बायका घराघरांत होत्या, त्यांनी ते वाचलं. १९०३ मध्ये ती वारली तेव्हा मुहम्मदी बेगमने तिचं चरित्र लिहिलं. तिला मागे वाचणारी माणसं मिळाली.

ताराबाईंना ती मिळाली नाहीत. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. ५०० प्रती, किंमत नऊ आणे. त्यावर टीका झाली, आणि ती नुसत्या सनातन्यांनी केली नाही. सुधारकांच्या गोटातलेही नाराज झाले. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'च्या अंकात आपल्याच माणसांना खडसावलं आणि ताराबाईंची बाजू घेतली, लेकीची घ्यावी तशी. त्यानंतर शांतता. ताराबाई पुढे १९१० च्या सुमारापर्यंत जगल्या. त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, म्हणजे ९३ वर्षांनी.

त्या मधल्या वर्षांचा मी पुष्कळदा विचार करते. एवढी धारदार बाई गप्प का बसली? टीकेला घाबरली म्हणावं तर पुस्तकात भीतीचा मागमूस नाही. मला वाटतं, ती एकटी पडली. पुस्तकं तिला मिळत होती, वर्तमानपत्रं मिळत होती. मिळत नव्हती ती शेजारची बाई, जिने तेच पुस्तक वाचलं आहे आणि जी दुपारी येऊन म्हणेल, "अगं ताराबाई, हे तू लिहिलंस ते मला पटलं नाही." फुल्यांनी पाठ राखली, पण ते पुण्यात. बुलढाण्यात कोण होतं? वाचणाऱ्याला पुस्तक लागतं तसा वाचणारा सोबतीही लागतो. तो नसला की वाचलेलं आतच फिरत राहतं. कधी त्याचा एकदाच स्फोट होतो, जसा १८८२ मध्ये झाला. बहुतेकदा तोही होत नाही.

आपल्या समाजात वाचणारे नाहीत, अशी तक्रार आपण सगळेच करतो. 'इक्रा', वाच, हा आपल्याकडचा पहिला हुकूम, ज्याचा दाखला प्रत्येक जलशात दिला जातो. जलशाहून घरी परतल्यावर मात्र पुस्तक घेऊन बसलेल्या पोरीला आपण उठवतो. आणि जी वाचते तिचं कौतुक केलं तरी ते चमत्कारासारखं करतो: "ये तो बडी पढाकू है." कौतुकाने ती आणखी एकटी होते. हे मी स्वतः भोगलंय, म्हणून लिहिते.

माझ्या एका जुन्या शाळेत पुस्तकांचं चांगलं लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली तपासणीच्या दिवशी सापडायची. आता मी आहे तिथे कपाट लहान आहे, पण उघडं आहे. तरी सुरुवातीला मुली पुस्तक न्यायच्या आणि आठवड्याने तसंच परत आणायच्या. विचारलं तर "हो मॅडम, अच्छी थी," एवढंच. गेल्या वर्षी मी एक बदल केला. पुस्तक एकीला द्यायचंच नाही. दोघींना मिळून एक द्यायचं, अर्धा आठवडा एकीकडे, अर्धा दुसरीकडे, आणि जुम्याच्या आधल्या दिवशी दोघींनी शेजारी बसून त्यावर बोलायचं. मी मध्ये पडत नाही. उर्दू पुस्तक असेल तर उर्दूत, मराठी असेल तर मराठीत बोला म्हटलं, पण त्या दोन्ही मिसळतात. मिसळू देत.

सगळ्या वाचतात असं नाही. काही जोड्या गप्पाच मारतात. पण मागच्या महिन्यात आठवीतल्या दोघी माझ्याकडे भांडत आल्या. गोष्टीतल्या आईने मुलीला शाळेतून काढलं ते बरोबर की चूक, यावर त्यांचं जुंपलं होतं. एक म्हणत होती, आईचा इलाज नव्हता. दुसरी म्हणत होती, बापाला कुणी का विचारलं नाही?

मी तिला ताराबाईंचं नाव सांगितलं. म्हटलं, हाच प्रश्न विचारणारी एक बाई आपल्या बुलढाण्यात होऊन गेली. दोघींनी मिळून वाचा. भाषा जुनी आहे, अडलं तर या.

परवा त्या आल्या. पहिल्या दोन पानांवरच अडल्या होत्या. आम्ही तिघी बसलो.