गिरणीतला बदली कामगार
मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली उभी राहिली. पुढे कोकण आणि घाटावरून कामगार आले, पण त्यांचे गाव सुटले नाही. पेरणीला, शिमग्याला, आजारपणात ते घरी जात आणि साचे रिकामे पडत. त्यावर गिरण्यांनी काढलेला तोडगा म्हणजे बदली कामगार.

सकाळी फाटकाशी बदल्यांचा घोळका उभा राही. गैरहजर माणसाच्या जागी कोणाला घ्यायचे, हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी. त्यासाठी तो दस्तुरी उकळी. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे, म्हणजे स्त्री मुकादमाकडे, होती. एका दिवसाच्या मजुरीसाठी कष्टकऱ्याला लाच द्यावी लागे, हा उघड अन्याय होता.

औद्योगिक तंट्यांविषयीच्या 1934 च्या कायद्यानंतर कामगारांच्या तक्रारी पाहणारे लेबर ऑफिसर नेमले गेले. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली: महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक बदल्यांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरच्या मनमानीला त्यामुळे काहीसा लगाम बसला. कायमपणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. 1982 च्या गिरणी संपातही बदल्यांना कायम करा, ही एक मागणी होती.