प्राध्यापकाचा तास आणि प्राध्यापकाचे वर्ष : आजीव सभासदांपासून ‘सीएचबी’पर्यंत

#धागा #इतिहास

१/ कसाऱ्याहून इगतपुरीकडे निघालेल्या गाडीला मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. थळ घाटातील हा मार्ग १८६५ च्या जानेवारीत खुला झाला. चढ इतका तीव्र, की दर ३७ फुटांमागे रूळ १ फूट वर जातो. इगतपुरीला चढ संपला की बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली परततात. त्यांचे काम घाटापुरते असते, पण निगा आणि दुरुस्ती रेल्वे बारा महिने करते.

२/ इगतपुरीसारख्या तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांत आज ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारे अनेक प्राध्यापक भेटतात. क्लॉक अवर बेसिस, म्हणजेच बोलीत ‘सीएचबी’. सत्र सुरू झाले की त्यांची नेमणूक होते, सत्र संपले की ती संपते. त्यांना मिळते ते ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. शिक्षकाचे श्रम महिन्याऐवजी तासाने मोजण्याची वेळ महाराष्ट्रावर कशी आली, त्याची ही कथा.

३/ आरंभ पुण्यातून करू. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर या तरुणांच्या उद्योगातून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक पगार मिळाला असता. तो नाकारून ही मंडळी शिकवू लागली. मराठी मनात शिक्षकाच्या त्यागाची जी प्रतिमा आहे, तिचे एक मोठे उगमस्थान येथे आहे.

४/ या त्यागाच्या अटी मात्र आपण सहसा वाचत नाही. सोसायटीचा ‘आजीव सभासद’ वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देई. वेतन दरमहा ७५ रुपये. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही त्यावरच काम केले. त्याच्या मोबदल्यात जीवनविम्याची तरतूद होती, सेवेअंती निवृत्तिवेतन होते आणि संस्थेच्या कारभारात मताचा अधिकार होता. पगार अल्प होता, पण उद्याची शाश्वती होती.

५/ वादही झाले, आणि ते याच विषयावर. आजीव सभासदाने बाहेरची कामे करून मिळकत करावी काय? वेतनात वाढ मागावी काय? टिळकांचे मत कठोर होते : पूर्ण वेळ संस्थेचा, बाहेरची कामे नकोत. आगरकर, गोखले आदींना ते पटले नाही. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्या फुटीला इतरही कारणे होती. पण शिक्षकाचा वेळ कोणाचा आणि त्याचे मोल किती, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता.

६/ टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी १८९१ मध्ये मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले. मुंबईत ते एका शाळेतून दुसऱ्या शाळेत तास घेत आणि शिकवण्या करून संसार चालवीत. आजच्या भाषेत सांगायचे तर ते ‘सीएचबी’च होते. पुढे ते आजीव सभासद झाले आणि १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले.

७/ या नोकरीत असतानाच, १८९६ मध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्यांच्या धैर्याचे श्रेय नोकरीला देणे अन्यायाचे ठरेल. तरीही, महिन्याच्या शेवटी निश्चित रक्कम हाती येणाऱ्या आणि संस्थेने अव्हेरण्याची भीती नसलेल्या माणसालाच समाजाचा रोष पत्करणे थोडे सोपे जाते, हेही खरे. शिक्षकाची स्थिरता ही त्याच्या निर्भयतेची पूर्वअट असते.

८/ विसाव्या शतकात हे लोण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. नाशिकचा मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. स्वातंत्र्यानंतर तालुक्यांच्या गावी महाविद्यालये निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ पासून सुधारित वेतनश्रेण्या लागू केल्या आणि अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचा संसार प्रथमच संस्थाचालकाच्या मर्जीतून बऱ्याच अंशी मुक्त झाला.

९/ नंतर वारे फिरले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. २००१ पासून नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी मिळू लागली. अनुदानित महाविद्यालयांतही निवृत्तांच्या जागा रिक्त राहू लागल्या. २०१८ मध्ये शासनाने ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता दिली; ती रिक्त पदांचा केवळ एक हिस्सा होती. त्यांतील उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली.

१०/ वर्ग मात्र रिकामे ठेवता येत नाहीत. थोड्या तासांच्या कामासाठी किंवा तात्पुरत्या गरजेसाठी असलेली तासिका पद्धत रिक्त पदांचा कायमचा पर्याय बनली. पदवी वर्गाच्या एका व्याख्यानाचा दर २०१८ मध्ये ५०० रुपये होता. २०२१ मध्ये ६२५ आणि २०२३ मध्ये ९०० झाला. एका अध्यापकाला आठवड्यास फार तर ९ तासिका, अशी मर्यादा.

११/ आता थोडे गणित. आठवड्यास ९ तासिका, चार आठवडे, दर ९०० रुपये : ३२,४०० रुपये. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आणि अध्यापनाचा भार आठवड्यास १६ तास. त्या हिशोबाने ९ तासांचे मूळ वेतन सुमारे ३२,४५६ रुपये होते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे! मग अन्याय कोठे आहे?

१२/ अन्याय तासाच्या बाहेर आहे. पूर्णवेळ शिक्षकाच्या मूळ वेतनावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. दिवाळीची, उन्हाळ्याची सुटी पगारी असते. आजारपणाची रजा, प्रसूती रजा, निवृत्तीची तरतूद, वार्षिक वेतनवाढ ही सारी वर्षाची गणिते आहेत. तासाने मोजले की वर्ष नाहीसे होते. दहाव्या वर्षीही पहिल्या वर्षीचाच दर; मे महिन्यात शून्य. रात्री बसून काढलेली टिपणे कोणत्याच तासात मोजली जात नाहीत.

१३/ कायद्याचा आधारही शिक्षकाला उशिरा लाभला. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक ‘कामगार’ नव्हे. २००४ मध्ये उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, कायद्यातही शिक्षक बसत नाहीत असा निकाल आला. तेव्हा संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती केली आणि तिचा लाभ १९९७ पासून लागू केला. २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शिक्षकाला पूज्य मानणाऱ्या देशात त्याला कर्मचारी ठरवायला मात्र कायदा बदलावा लागला.

१४/ अस्थायी कर्मचाऱ्यांबाबत न्यायालयाची वाट वळणाची आहे. २००६ च्या उमादेवी निकालाने नियमबाह्य नेमणुकांना कायम करण्याची वाट अडवली. २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व अस्थायी कर्मचाऱ्यांनाही लागू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या, ३०,००० रुपयांवर राबणाऱ्या, कंत्राटी सहायक प्राध्यापकांना त्या पदाच्या वेतनश्रेणीचा किमान टप्पा देण्याचा आदेश झाला. पण ते महिन्यावर नेमलेले होते. ९ तासिकांची मर्यादा असलेल्या शिक्षकाला ‘माझे काम समान आहे’ हे सिद्ध करणे अधिक कठीण.

१५/ हा प्रश्न केवळ आपला नाही. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ शिक्षकाला पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देता येत नाही. म्हणून तो दोन-तीन कॉलेजांत शिकवतो, महामार्गावर धावत राहतो आणि त्याला नाव पडले ‘फ्रीवे फ्लायर’. नाशिक-इगतपुरीच्या गाडीत वा एसटीत उत्तरपत्रिकांची पिशवी सांभाळत बसलेला आपला अध्यापक त्याचाच भाऊबंद. फरक इतकाच, की तेथे २०२२ मध्ये अर्धवेळ शिक्षकांच्या आरोग्यविम्यासाठी वर्षाला २० कोटी डॉलरची तरतूद झाली.

१६/ शासनाची बाजूही ऐकली पाहिजे. विद्यार्थिसंख्या घटते-वाढते, विषयांची मागणी बदलते, वेतनाचा बोजा मोठा असतो. काही तास खरोखरच अर्धवेळाचे असतात. यावर युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीत सरळ उत्तर आहे : उच्च शिक्षणात नियमित अर्धवेळ शिकवणाऱ्यांना पूर्णवेळ शिक्षकांच्या प्रमाणात वेतन द्यावे, सुट्या, रजा आणि सामाजिक सुरक्षाही त्याच प्रमाणात द्याव्यात. अर्धे काम असेल तर अर्धे वर्षही त्याच्या नावे मांडा, एवढेच.

१७/ ‘शिक्षकी पेशा म्हणजे त्याग’ असे कोणी म्हटले, तर त्यास १८८४ च्या अटी दाखवा. तो त्याग स्वेच्छेचा होता, सर्व सभासदांत सारखा वाटलेला होता आणि त्याला विमा व निवृत्तिवेतन यांचे कुंपण होते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्यागाचा वाटा पूर्ण मिळाला आहे. कुंपण मात्र राहून गेले.

१८/ तुमच्यापैकी अनेकांना इतिहासाची गोडी ज्या सरांनी किंवा मॅडमनी लावली, त्या कदाचित तासिका तत्त्वावर असतील. मार्चमध्ये शेवटचा तास झाला की पुढल्या सत्रात त्या पुन्हा भेटतील की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसते. घाटातला बँकर परत येणार हे गाडीला ठाऊक असते, कारण त्याची काळजी कोणीतरी वर्षभर घेतलेली असते.

धागा समाप्त.