बिनतारीची तार

ज्या विद्येचे नावच आपण 'बिनतारी' असे ठेवले, तिच्या एका शाखेचे कुलवृत्त चाळू गेल्यास ते सरतेशेवटी एका लांबलचक तारेपाशीच येऊन पोचावे, या विसंगतीची मला मोठी मौज वाटते. फिनलंडच्या उत्तर टोकाकडील लॅपलंडमध्ये, लेमेन्योकीच्या अरण्यात, ऐन हिवाळ्यात काही रेडिओवेडे एखाद्या लाकडी घरात मुक्काम ठोकून बसतात आणि हवाई बेटांवरील एखाद्या किरकोळ केंद्राची उद्घोषणा जिवाचे कान करून ऐकतात. अशा मोहिमेस ते 'डीएक्सपेडिशन' म्हणतात. त्यातील 'डीएक्स' म्हणजे तारायंत्रावरील कामगारांनी काटकसरीने दोन अक्षरांत बसविलेला 'डिस्टन्स' हा शब्द.

या वहिवाटीच्या मुळाशी हॅरल्ड बेव्हरिज हा अमेरिकन अभियंता आहे. त्याला 1921 साली ज्या आकाशतारेचे पेटंट मिळाले, ती आकाशतार नावापुरतीच आकाशातली होती. उंच मनोऱ्याचा सोस न धरता ती जमिनीपासून पुरुषभर उंचीवर शेकडो फूट आडवी धावत असे. लहर भूपृष्ठालगत येताना जमिनीच्या रोधाने तिचे पाऊल मागे रेंगाळते व माथा किंचित पुढे झुकतो. या झुकण्याचाच लाभ घेऊन लहरीच्या वाटेवर पसरलेली ती तार पावलोपावली थोडाथोडा विद्युत्प्रवाह गोळा करीत जाते. आणि दूरचे टोक योग्य रोधकातून जमिनीस जोडले, म्हणजे पाठीमागून येणारा गोंगाट तेथेच जिरतो. थोडक्यात, ही तार एकाच दिशेस कान देते.

तिची कसोटी त्याच वर्षी लागली. अमेरिकेतील हौशी प्रक्षेपकांचे संदेश युरोपात ऐकण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर त्यांच्या संघाने पॉल गॉडली नावाचा आपला कसलेला माणूसच ग्राहकयंत्रांसह अटलांटिकपार धाडला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रोसन येथे डिसेंबरच्या वादळी पावसात तंबू ठोकून, सुमारे 1,300 फूट बेव्हरिज तार पसरून हा गृहस्थ रात्रीमागून रात्री थंडीत काकडत बसला. शेजारी मार्कोनी कंपनीचा निरीक्षक साक्षीदार म्हणून हजर, कारण नुसत्या तोंडी दाव्यावर विश्वास कोण ठेवणार! कनेक्टिकटमधील ग्रिनिच येथून 'वन-बी-सी-जी' केंद्राने पाठविलेला संपूर्ण संदेश त्याने टिपला. ओसाड जागा, ओलसर तंबू, लांब तार आणि भरवशाचा साक्षीदार: माझ्या मते लॅपलंडच्या मोहिमांची जन्मपत्रिका येथेच मांडली गेली.

मग उत्तरेचाच अट्टहास का? मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या एका खालच्या थरात शोषल्या जातात, आणि तो थर सूर्यप्रकाशाने सांभाळलेला असतो. लॅपलंडच्या उत्तर भागात डिसेंबर-जानेवारीत कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही; त्यामुळे दक्षिणेकडील युरोपीय केंद्रे मध्यान्हीच्या उजेडात मंदावत असता ध्रुवावरून अलास्का व पॅसिफिककडे जाणारी वाट मात्र अंधारीच राहते. शहरी विजेच्या उपद्रवाचा तेथे मागमूस नाही. उपद्रव आहे तो ध्रुवीय प्रकाशाचा. ज्या रात्री आकाश हिरव्या पडद्यांनी नटते, त्या रात्री पाहुणा हरखतो आणि श्रोता कपाळाला हात लावतो.

प्रत्येक दिशेस एकेक किलोमीटरभर तार पाइनच्या फांद्यांवरून नेलेली असते. ताशी ठोक्याला केंद्र आपले नाव-गाव सांगते, तेव्हा बोलणे बंद, चहाचा पेलाही हळूच ठेवायचा. ऐकलेल्या मजकुराचा तपशील केंद्राकडे रवाना होतो व तिकडून 'क्यूएसएल', म्हणजे शुद्ध मराठीत पोचपावती, येते. अलीकडे संगणक समग्र मध्यम लहरपट्टाच टिपून ठेवतो, म्हणून जागरण थोडे कमी झाले आहे. पण रेनडिअरच्या शिंगांत तार अडकून तुटली, तर कपाळावर दिवा बांधून, गुडघाभर बर्फातून तुटके टोक हुडकीत, पुढच्या ठोक्याच्या आत ते सांधण्यासाठी कोणाला तरी पक्कड घेऊन बाहेर पडावेच लागते.