भाकर, बोली आणि भजन
(वृद्धांच्या निवाऱ्याचा वऱ्हाडी इतिहास)

वाशीम हा जिल्हा नावाने जुना आणि कारभाराने नवा आहे. इंग्रजी अमदानीत 'बासिम' या नावाने तो वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडण्यात आला आणि त्याचे तालुके शेजारच्या जिल्ह्यांत वाटले गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन तो पुन्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती.

आकाराने लहान असलेल्या या जिल्ह्यात श्रद्धांची मात्र मोठी दाटी आहे. शिरपूर येथे जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. कारंजा ही एकेकाळी दिगंबर भट्टारकांची पीठे असलेली नगरी, तशीच ती नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. मंगरूळच्या नावातच पीर आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशभरचे बंजारा बांधव येतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेली कुटुंबे येथील गावोगावी आहेत. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो. आपले श्रद्धाबांधव येथे संख्येने तुरळक आहेत.

अशा या जिल्ह्याकडे पाहताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी संसदेने २००७ साली कायदा केला. त्याच्या १९ व्या कलमात राज्य सरकारांनी निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारावा, असे सुचविले आहे. समजा, वाशीमच्या सहा तालुक्यांतून असे दीडशे वृद्ध एका छताखाली आले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणारी कारंज्याची जैन आजी, गोरबोलीखेरीज अन्य भाषेत मन मोकळे न करणारी तांड्यावरची याडी, पहाटेच्या नमाजासाठी पाणी मागणारे मंगरूळचे चाचा आणि रात्री रोझरी म्हटल्यावाचून न झोपणारी एखादी ख्रिस्ती वृद्धा. या सर्वांना एकाच घंटेवर उठवून, एकाच घंटेवर जेवू घालून आपण त्यांची सेवा केली असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु तो फार जुना आहे.

यरुशलेमच्या विधवा

आपल्याच धर्मग्रंथात तो आरंभी भेटतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तमंडळातील एक तक्रार नोंदलेली आहे. विधवांना रोज अन्न वाटले जाई. पण ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असे त्यांच्या लोकांचे म्हणणे होते. अन्नाची तूट होती असे तेथे म्हटलेले नाही. उणीव होती ती लक्षाची, आणि ती भाषेच्या सीमेवर उघडी पडली होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. मंडळीला सात जण निवडण्यास सांगितले, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यापासून नीकलावापर्यंत त्या सातांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्या वृद्धा उपेक्षित होत्या, त्यांच्याच भाषेतील माणसांच्या हाती पंगत सोपवली गेली. ख्रिस्तसभेतील सेवापदाचा उगम या घटनेशी जोडला जातो, हे आपण सहसा विसरतो.

रिद्धपूरच्या म्हाताऱ्या

याच भावनेचे दुसरे उदाहरण खुद्द वऱ्हाडच्या मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे काशीक्षेत्र. तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. घरदार सोडून आलेल्या कितीतरी वृद्ध स्त्रिया त्या मार्गात होत्या. केशिराजबास हे संस्कृताचे पंडित. त्यांनी संस्कृतात रचना करू घेतली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले, ही 'स्मृतिस्थळा'तील आठवण सर्वश्रुत आहे. कारण एवढेच की, तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा प्रसंग भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो वृद्धसेवेचेही उदाहरण वाटतो. म्हातारीला दोन वेळची भिक्षा आणि निजायला जागा मिळाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे त्या आचार्यांनी मानले नाही. तिला कळेल अशा बोलीत तिचे भजन आणि तिचे शास्त्र तिच्यापर्यंत पोचले पाहिजे, यासाठी त्यांनी एका विद्वानाची लेखणी वळविली.

दुष्काळ आणि दरिद्रगृहे

एकोणिसाव्या शतकात निराधार वृद्धांचा भार प्रथमच शासनाच्या अंगावर आला, तो दुष्काळांमुळे. १८९६-९७ आणि त्यापेक्षा भीषण असा १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने भोगला. काम करू शकणाऱ्यांसाठी खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे निघत. म्हातारे, आंधळे व पांगळे यांच्यासाठी दोन मार्ग होते. एक म्हणजे 'पुअर हाऊस' या नावाने ओळखली जाणारी सरकारी दरिद्रगृहे, आणि दुसरा म्हणजे त्यांच्याच गावी, त्यांच्याच घरी दिली जाणारी शिधा किंवा पैशाची मदत.

दरिद्रगृहात शिजवलेले अन्न मिळे, तरी लोक तेथे जाण्यास कचरत. कारण समजण्यासाठी ओरिसाचे उदाहरण पुरेसे आहे. १८६६ च्या दुष्काळात ज्यांनी तेथील अन्नछत्रांत जेवण घेतले, त्यांना जातीने बाहेर टाकले आणि 'छत्रखिया' हे नाव त्यांच्या वंशजांनाही चिकटले. जीव वाचला, पण घराचे दार बंद झाले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोकांच्या या नाखुशीची दखल घेतली आणि अशक्तांना शक्यतो त्यांच्या गावातच मदत पोचवावी, या मताला बळ दिले. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यांनाही अनुभवाने हे शिकावे लागले की, भुकेल्याला नुसते अन्न पुरत नाही. ते त्याने कोठे आणि कोणाच्या हातचे खावे, हेही त्याच्या जगण्याचा भाग असते.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडल्या, तेव्हा त्यांनी अशी दरिद्रगृहे पाहिली आणि तेथील दुरवस्थेविषयी लिहिले. त्यांनी १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदा सदन ही वृद्धांची संस्था नव्हती, ते विधवांसाठी होते. परंतु स्वतः ख्रिस्ती असूनही रमाबाईंनी तेथे ब्राह्मण विधवांना आपला सोवळ्याचा स्वयंपाक व आचार पाळण्याची मोकळीक ठेवली होती. आश्रय देणाऱ्याने आश्रिताच्या ताटावर हक्क सांगू नये, अशी ही दृष्टी होती.

कोणता आचार जपावा?

येथे एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. सोवळ्याची चूल जपणे आणि अस्पृश्यता जपणे यांत अंतर किती? जुन्या चालीरीतींचा मान राखावयाचा, तर पंगतीतील भेदही राखावा लागेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला गाडगे महाराजांची आठवण होते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या सत्पुरुषाने ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे देह ठेवला. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत चाले. समोरच्या माणसाची भाकर आणि भाषा हेच त्यांचे साहित्य. पंढरपुरात इतर धर्मशाळांची दारे ज्यांना बंद होती, त्या दलित वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. लोकांच्या सवयी त्यांना ठाऊक होत्या आणि त्या सवयींतील अन्यायही ठाऊक होता. एकीला त्यांनी जवळ केले, दुसऱ्यावर खराटा चालविला.

यावरून आम्ही असा नियम काढतो : स्वतःच्या ताटापुरता असलेला आचार जपावा, शेजाऱ्याचे ताट दूर सारणारा आचार जपू नये. जैन आजीला कांदा-लसणाविना आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवण मिळावे, हा तिचा मान आहे. परंतु आपल्या ओळीत अमुक जातीची बाई नको, असे कोणी म्हटले तर ते मानू नये. आयुष्यभर गावकुसाबाहेर राहिलेल्या बौद्ध आजोबांच्या दृष्टीने तर इतरांच्या शेजारी मांडलेला पाट हीच संस्कृतीची खरी जपणूक ठरेल.

फ्रान्समधील टोपली

आपल्या परंपरेत वृद्धसेवेला वाहिलेले मोठे नाव म्हणजे संत जान जुगान. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील सेंट-सर्व्हान या गावी तिने एका आंधळ्या, अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला घरी आणून आपले अंथरूण दिले. त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ जन्मला. १८८२ साली या भगिनी कलकत्त्यास आल्या, आणि पुढे मुंबईत अंधेरी येथेही त्यांचे वृद्धगृह झाले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जान जुगानला संतपद बहाल केले.

तिच्या चरित्रातील एक तपशील आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. तिच्याकडे आलेल्या वृद्धांपैकी काही जणी पूर्वी भिक्षा मागून जगत. त्या कोणकोणत्या घरी जात हे जानने त्यांच्याकडून विचारून घेतले आणि टोपली घेऊन ती स्वतः त्या घरी त्यांच्या वतीने जाऊ लागली. म्हातारीचे रस्त्यावर हिंडणे थांबले, परंतु ज्या घरांनी तिला आजवर जगविले, त्यांच्याशी तिचे नाते तुटले नाही.

कायद्याची चौकट आणि तीमधील रिकामी जागा

महाराष्ट्र शासनाने १९९५ साली वृद्धाश्रमांची योजना आखली तेव्हा तिला 'मातोश्री' हे नाव दिले. निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनास 'श्रावणबाळ' असे म्हटले. नावे आपल्या घरातली आहेत, ही चांगलीच गोष्ट. २००७ च्या कायद्याने निर्वाहाची व्याख्या करताना अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांचा उल्लेख केला. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली. वृद्धाश्रमांत वैद्यकीय सेवा व करमणुकीची साधने असावीत, असेही १९ वे कलम म्हणते.

औषध आणि करमणूक! दोन्ही हवीत. पण वृद्ध माणूस संध्याकाळी जे शोधतो, त्याला करमणूक म्हणत नाहीत. त्याला हवी असते आपल्या बोलीत हाक मारणारी व्यक्ती, दातांना झेपेल अशी मऊ केलेली ज्वारीची भाकर, सणाच्या दिवशी सणासारखा दिवस, आणि मरणाच्या वेळी आपल्या धर्माची प्रार्थना. कोणाला अग्नी द्यावयाचा, कोणाला माती द्यावयाची, कोणासाठी धर्मगुरूंना बोलवावयाचे, हे आश्रमाच्या नोंदवहीत प्रवेशाच्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे. या गोष्टींना पैसा थोडा लागतो. माणूस मात्र लागतो, आणि तो कायद्याने पुरविता येत नाही.

आपला वाटा

हा विषय वाशीमचा म्हणून आपल्यापासून दूर मानू नये. वसईतील सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी, तांबड्या लुगड्यातील आजी शहरातल्या एखाद्या ख्रिस्ती वृद्धाश्रमात गेली आणि तेथील सर्व प्रार्थना इंग्रजीत असल्या, तर धर्म एक असूनही ती यरुशलेमच्या ग्रीक विधवांइतकीच एकाकी होईल. धर्माचे छत्र एक असले की संस्कृतीची काळजी आपोआप घेतली जाते, हा आपला समज तपासून पाहावा लागेल.

धर्मग्रामातील कुटुंबांना करता येण्याजोगे बरेच आहे. जवळच्या वृद्धाश्रमात, मग तो कोणाचाही असो, कोणकोणत्या बोली बोलणारे वृद्ध आहेत हे विचारावे, आणि ती बोली येणारा माणूस आठवड्यातून एकदा तेथे जाईल अशी व्यवस्था करावी. आपल्या वृद्धांना ख्रिस्तप्रसाद व रुग्णाभ्यंगाचा संस्कार मिळतो की नाही हे पाहावे. त्याच फेरीत शेजारच्या खाटेवरील मुस्लिम किंवा बौद्ध आजोबांसाठी त्यांच्या समाजातील कोणी येते काय, याची चौकशी करावी आणि येत नसेल तर निरोप पोचवावा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलै महिन्यातील चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांचा दिवस म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी मंदिरात पुष्पगुच्छ देऊन थांबण्यापेक्षा ही फेरी सुरू करणे अधिक उचित होईल.

यरुशलेमच्या मंडळीने सात जण निवडले. नागदेवाचार्यांनी एका पंडिताची भाषा बदलली. जान जुगानने स्वतः टोपली उचलली. या तिन्ही ठिकाणी इमारत नंतर आली. आधी कोणीतरी म्हातारीला काय हवे ते विचारले.