उजेडाचे दार

डिजिटल कॅमेरा हाती घेतला, की २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे दिसतात. हे ॲपर्चरचे, म्हणजे भिंगातल्या छिद्राचे आकडे. आता गंमत पाहा, आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते आणि उजेड कमी येतो! हा उलटा हिशेब आला कोठून?

छिद्र प्रथम उजेड मोजण्यासाठी आलेच नव्हते. १५६८ च्या सुमारास व्हेनिसच्या दानिएले बार्बारो याने लिहून ठेवले, की अंधाऱ्या खोलीच्या भोकाला भिंग लावावे आणि त्याच्या कडा झाकाव्यात, म्हणजे प्रतिमा रेखीव पडते.

पुढे दागेरने छायाचित्रणाची कृती शोधली. ती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्याने घेतलेले पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात ओसाड! उजेड साठायला कित्येक मिनिटे लागत, तेवढ्यात चालती माणसे नाहीशी झाली. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक मनुष्य तेवढा ठळक उमटला. माणसाचे चित्र हवे, तर भिंगाचे तोंड मोठे व्हायला हवे होते.

ते काम १८४० मध्ये व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सवाल यांनी केले. त्यांच्या भिंगाने मिनिटांचे काम सेकंदांवर आणण्याची वाट मोकळी झाली. मात्र चेहरा स्पष्ट आणि कडा पुसट, अशी त्याची किंमतही द्यावी लागली. मग गरजेप्रमाणे छिद्र बदलण्याची सोय हवीच. १८५८ मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉटरहाउसने लहानमोठी भोके पाडलेले पत्रे भिंगाच्या नळीत खाचेतून सरकवण्याची युक्ती काढली. पुढे डोळ्याच्या बाहुलीसारखी मिटणारी-उघडणारी पाती रूढ झाली.

राहिला प्रश्न आकड्यांचा. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले, की हा आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २५ मिलिमीटरचे छिद्र असले तर आकडा २, साडेबाराचे असले तर ४. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून उजेड निम्मा करणारी पायरी मध्ये येते, ती २.८ ची. १८८१ मध्ये लंडनच्या छायाचित्रण संस्थेने १, २, ४, ८ अशी सोपी मोजणी सुचवली होती. तीत आकडा दुप्पट, की वेळही दुप्पट. पण टिकली ती भागाकाराचीच पद्धत.

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मशिवाय चालणारा डिजिटल कॅमेरा बनवला. पुढे फिल्म मागे पडली, छिद्र मात्र राहिले. आजही ते बारीक केले तर जवळचे-दूरचे सारे स्पष्ट येते. पण उजेड अपुरा असेल तर झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते, आणि चालता माणूस पुसट होतो. संवेदनशीलता वाढवून वेळ वाचवावा, तर चित्रात दाणे दिसू लागतात. कॅमेरा आकडा आपोआप ठरवू शकतो. पण चित्रात रस्ता हवा की रस्त्यावरचा माणूस, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.