आधी मर्यादा, मग आवराआवर



चातुर्मास लागला की घर आवरायचा विषय निघतोच. काय ठेवायचे, काय काढायचे, यावर घरोघरी वाद. आपल्या उल्हासनगरचा तर जन्मच या प्रश्नातून झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे आसरा दिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच छावण्यांचे झाले कॅम्प १ ते ५. एका बराकीत कितीतरी कुटुंबे, मध्ये आडोसा चादरीचा नाहीतर गोणपाटाचा. घरे, जमिनी, दुकाने तिकडेच राहिली. सोबत आले ते उचलता आले तेवढेच.

त्यातले पुढे कामाला काय आले? मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासण्याचा कायदा १९५० मध्ये झाला आणि भरपाईचा १९५४ मध्ये. लोकांच्या तोंडी तो ‘क्लेम’. ज्यांच्या ट्रंकेत घराचे खत होते, त्यांना दावा सिद्ध करणे सोपे गेले. त्या चार कागदांची किंमत भरलेल्या संदुकीपेक्षा जास्त ठरली.

त्यांची मर्यादा दुसऱ्यांनी ठरवली, तीही एका रात्रीत. आपले पाचवे अणुव्रत, परिग्रह परिमाण, सांगते की ती स्वतः, वेळेवर ठरवा. शेत, घर, चांदी, सोने, रोकड, धान्य, नोकर, जनावरे आणि शेवटी कुप्य, म्हणजे भांडीकुंडी व घरसामान. आपल्या माळ्यावरच्या पसाऱ्याला व्रतात स्वतंत्र रकाना आहे!

उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आठवा. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. मी कॉमर्सची, म्हणून हा ताळेबंद मला फार आवडतो. भगवान महावीरांसमोर त्याने असलेले वाटून टाकले नाही. एवढेच, यापुढे नाही, अशी रेघ मारली. पत्नी शिवानंदानेही व्रते घेतली.

२०२१ मध्ये आपल्या शहरात स्लॅब कोसळून माणसे गेली, तेव्हापासून जुन्या इमारतींची धास्ती आहेच. आमचीही आता रिकामी करायची आहे आणि भाड्याची जागा दोन खोल्यांची. म्हणून मी आधी वहीत आकडे लिहिले: साड्या वीस, डबे बारा, गाद्या चार. मग कपाट उघडले. आकडा आधी लिहिला की प्रत्येक वस्तूशी वेगळे भांडण होत नाही.

कागदपत्रांची पिशवी सर्वांत आधी भरली. सासूबाईंचा पितळी हंडा मात्र आकड्यात बसेना. त्यात पाणी भरून पंचवीस वर्षे झाली. तो नणंदेच्या घरी दिला, तिथे तो रोज चुलीवर चढतो. मन दोन दिवस लागले नाही. शास्त्रकार मूर्च्छेलाच परिग्रह म्हणतात, वस्तूला नव्हे, ते तेव्हा उमगले.

एक सांगते. बोहारणीला साड्या देऊन पातेले घेतले तर परिग्रह कमी होत नाही, फक्त खाते बदलते. गरजूला द्यावे. आणि जुने कपडे, पुस्तके हलवताना जतना ठेवा. झटकून, पाहून, मगच बांधा. घडीत लपलेला जीवही घर सोडत असतो.