दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को : अंतर अधिक, वेळ कमी

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को विमानतळापर्यंतचे किमान हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो पूर्वेला वा पश्चिमेला न वळता जवळजवळ उत्तरेकडेच निघतो आणि तिबेट, शिनजियांग, सैबेरिया, आर्क्टिक महासागराचा काठ व अलास्का ओलांडून कॅलिफोर्नियात उतरतो. सपाट नकाशा पाहण्याची सवय असलेल्यांना हे चटकन पटत नाही.

प्रवासी विमाने मात्र या रेषेने जात नाहीत. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास वैमानिकाला साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे १५,००० फूट आहे. तेथे खाली येणार तरी कुठे? त्यामुळे हिमालयाला पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून वळसा घालणे भाग पडते.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमान युरोप व अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटर अंतर कापत असे. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी मार्ग बदलून बोइंग ७७७-२००एलआर विमान पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर भरले १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरने अधिक. पण प्रवास साडेचौदा तासांत संपला. जुन्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास वाचले.

हे गणित वाऱ्याचे आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुझोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. ७७७ विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. वरील उड्डाणात जमिनीच्या संदर्भात सरासरी वेग मात्र ताशी १,०५५ किलोमीटर पडला. मधला फरक वाऱ्याने दिलेला. म्हणूनच त्या काळात परतीचे विमानही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून, आणले जाई व एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होई. फेब्रुवारी-मार्च २०१७ मध्ये केवळ महिला कर्मचाऱ्यांनीही अशी फेरी केली.

मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांचा हमखास गोंधळ उडतो तो तिकिटावरील वेळांनी, कारण त्या दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. कॅलिफोर्नियाचे घड्याळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडालेले विमान त्याच तारखेला सकाळी सहाला पोहोचते. घड्याळाच्या हिशेबाने प्रवास अवघा दोन तासांचा! परतताना मात्र हीच उधारी फिटते आणि एखादी तारीख हातची जाते.

इतक्या लांबच्या मार्गावर, वाटेत कुठे उतरता येईल याचाही विचार आधीच करावा लागतो. ६ जून २०२३ रोजी इंजिनातील बिघाडामुळे हे विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी त्या छोट्या शहरात अडकले. त्यांच्यासाठी मुंबईहून दुसरे विमान पाठवण्यात आले व ८ जून रोजी प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले.